चाळीसनंतर एकेचाळीस

एकोणीस मिलिमीटर. मी कॅलिपर काढला, पुसला, परत लावला. तरी एकोणीसच. प्लेट खिडकीच्या उजेडासमोर धरली. रक्त मिसळलेल्या, जेलीसारख्या लाल अगारवर एकेचाळीस नंबरचे जंतू पसरले होते, भांड्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात तसे, बारीक, पारदर्शक, दाटीवाटीने. आणि मधोमध डाळिंबाच्या सालीच्या अर्कात बुडवलेली कागदाची गोल चकती, तिच्याभोवती स्वच्छ मोकळं मैदान, एक थेंब नाही. याला आम्ही झोन म्हणतो. औषध जिथवर पोचलं तिथवर सगळं मेलं, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी आणखी दोन चकत्या होत्या, एक क्लॅरिथ्रोमायसिनची, एक मेट्रोनिडाझोलची. त्यांना एकेचाळीस अगदी कडेपर्यंत चिकटून वाढली होती, वर चढून बसायचीच काय ती बाकी होती. या दोन गोळ्या माझ्या बहिणीला तीन वेळा दिल्या गेल्या. आणि मधल्या चकतीत जे होतं ते तिच्या ओठाला लागलेला कप हिसकावून मी बेसिनमध्ये ओतलं होतं.

एकेचाळीस म्हणजे ताई. दुर्बीण घालून डॉक्टरांनी तिच्या जठरातून चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला, तो बर्फाच्या डब्यातून आमच्या प्रयोगशाळेत आला, आणि त्यातून हे जंतू वाढले. नमुना घेण्याच्या खिडकीत त्या दिवशी मीच बसलो होतो. नाव असलेली पट्टी मीच फाडली, त्या जागी ४१ मीच चिकटवलं. नियम असा की नमुना आत आला की त्याला माणूस राहत नाही. बरोबर आहे नियम. नाव दिसलं की हात कापतो, डोळा लबाडी करतो. मी नियम पाळला आणि कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला त्या प्लेटपासून दूर केलं असतं. त्याला चौदा महिने झाले. ताई त्यानंतर तेवीस दिवसांनी गेली. जठरातला व्रण फुटला, रक्त थांबलं नाही. एकेचाळीस मात्र आहे. दर तीन दिवसांनी जुन्या प्लेटवरचं तिचं खाणं संपतं, मग मी तारेच्या टोकाने तिला उचलतो, नव्या प्लेटवर सोडतो, हवाबंद बरणीत ठेवतो, सदतीस अंशांत, पोटाएवढ्याच उबेत. उघड्या हवेत हे जंतू टिकत नाहीत. म्हणजे एक दिवस मी विसरलो असतो तरी संपलं असतं. मी विसरलो नाही. ज्याने ताईला खाल्लं त्याला मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन जेवायला घातलं. वेड लागलंय म्हणायचं तर म्हणा. तिच्या अंगातलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

"किती?" मॅडमनी दारातूनच विचारलं. त्या आमच्या प्रमुख. झाडांमधल्या पॉलिफेनॉल्सवर त्यांचं काम; गोळ्यांसाठी तपासून झालेल्या जंतूंवर आता सालीचा अर्क लावून बघणं चाललं होतं. चहा जास्त उकळला की जिभेला जे धरतं, कच्चं फळ चावलं की तोंड जे आवळून येतं, ते तुरटपण ज्याचं असतं ती द्रव्यं. झाड ती स्वतःला कीड लागू नये म्हणून बनवतं. मॅडम म्हणतात, जंतूला गोळीची ओळख झालीय, तो तिला दारातूनच परत पाठवतो, याची ओळख अजून व्हायचीय. मी आकडा सांगितला. त्या आत आल्या, प्लेट हातात घेतली, आणि पन्नाशीची ती बाई चक्क टाचा उचलून उभी राहिली. "बाकीचे बारा-तेरावर अडलेत आणि एकेचाळीस एकोणीस? सगळ्यांत हट्टी तीच ना आपली? अहो, म्हणजे जो गोळ्यांना अजिबात दाद देत नाही तोच सालीला सगळ्यांत आधी मरतोय! शुक्रवारच्या बैठकीत पहिला फोटो हाच." मी मान हलवली. माझ्या पोटात, बरगड्या जिथे मिळतात तिथे, ओळखीची जळजळ सुरू झाली होती.

ती सकाळ मी शंभरदा उलटून पाहिली आहे, ओतलं ती. ताई शेवटचे दिवस माझ्याकडे होती, दवाखाना जवळ म्हणून. भाची, म्हणजे तिची मुलगी, रोज कामावर जायच्या आधी यायची. आल्या आल्या वाळलेल्या साली पातेल्यात टाकून उकळत ठेवायची. काळपट तपकिरी पाणी, वास ओल्या लाकडासारखा. कुणीतरी कुणाला सांगितलेलं, त्या कुणाचं कुणीतरी बरं झालेलं. मला त्या वासाचीच चीड आली. मी प्रयोगशाळेतला माणूस. डिग्री नाही माझ्याकडे, बाटल्या धुता धुता शिकलो, म्हणून तर जास्तच. शिकलेल्या माणसाला साल उकळणारी बाई दिसली तर तो हसतो. माझ्यासारख्याला राग येतो, कारण आपण कालपर्यंत तिथेच होतो. "गोळ्या चालू आहेत ना? मग हा चिखल कशाला?" मी म्हणालो. भाची म्हणाली, "गोळ्या दोनदा झाल्या मामा, ही तिसरी खेप. तुझ्या गोळ्यांनी काय उजेड पाडला?" ताई मध्ये पडली, "अरे पिऊ दे रे ठोंब्या, कडूच तर आहे, मरत नाही मी त्याने." ठोंब्या हे माझं तिच्या तोंडचं नाव, दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती. कप तिच्या ओठाला लागला होता. मी घेतला आणि ओतला, पातेलंही ओतलं. मग तिची गोळी सोलली, पाण्याचा ग्लास धरला आणि म्हणालो, "आ कर."

आ कर, हे माझे शब्द नव्हते. आई कामावर जायची आणि नऊ वर्षांची ताई मला सांभाळायची. दात नव्हते मला. ती स्वतः घास चावायची, मऊ करायची आणि बोटाने माझ्या तोंडात घालायची. "आ कर, ठोंब्या, आ कर." हे मला आठवणं शक्य नाही, तिने सांगितलेलं आहे, तरी त्या बोटाची चव मला आठवते. पुढे नोकरीत कळलं, हे जंतू असेच जातात, घरातल्या घरात, लहानपणी, तोंडातून तोंडात. म्हणजे एकेचाळीस माझ्यातही असणार. मी तपासून घेतलेलं नाही. का घ्यायचं? बेसिनमध्ये त्या काढ्याचा डाग पडला, जाळीच्या भोवती, तपकिरी, हाताच्या तळव्याएवढा. मी तो आम्लाने घासला, लोखंडी काथ्याने घासला. चिनीमातीचं पॉलिश गेलं, डाग राहिला. अजून रोज सकाळी दात घासताना मी त्याच्यावर थुंकतो.

पण एकोणीस खरं आहे का? ही दुसरी गोष्ट, आणि ती फक्त मला माहीत होती. साल अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. चकत्या त्यात बुडवल्या की वीस मिनिटं वाऱ्याच्या पेटीत पूर्ण वाळू द्यायच्या, कारण अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. ओली चकती ठेवली तर झोन मोठा येतो आणि श्रेय सालीला जातं. म्हणून एक चकती नुसत्या अल्कोहोलची वाळवून ठेवायची. तिच्याभोवती झोन शून्य आला की समजायचं, चकत्या वाळल्या होत्या. ती शून्यच आली होती. पण ती मी सगळ्यांत आधी बुडवली होती, पहिल्या ताटलीत. एकेचाळीसच्या चकत्या शेवटच्या ताटलीत होत्या, आणि ती पेटीत ठेवली तेवढ्यात फोन वाजला. भाची होती. "मामा, दुर्बीण झाली माझी. आईचंच निघालंय. तेच जंतू. तुकडा तुमच्याकडेच पाठवलाय." पुढे ती काय बोलली आणि मी काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी फोन खाली ठेवून चिमट्याने चकत्या उचलल्या तेही आठवतं. मधे किती वेळ गेला ते आठवत नाही. पाच मिनिटं असतील. पंचवीस असतील. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि मी भिंतीकडेच बघत होतो.

आणि इथेच मी अडकलो. ओल्या होत्या असं सांगितलं तर एकोणीस पुसला जातो, मॅडमचा फोटो जातो, आणि माझी सुटका होते: साल म्हणजे चिखलच होता, मी ओतलं ते बरोबर ओतलं. वाळलेल्या होत्या म्हटलं तर मी बहिणीच्या तोंडचं औषध काढून घेतलं. ओल्या होत्या असं मला वाटत होतं. पण मला तसं वाटायला हवंच होतं ना! चकती चिमट्यात धरल्यावर किंचित जड लागली होती, अशी एक आठवण माझ्याकडे होती. ती आठवण त्या सकाळच्या आकड्याआधी माझ्याकडे होती का, की आकडा आल्यावर मी ती बनवली? मी त्या दिवशी दुपारपर्यंत रिकामा चिमटा उचलत होतो आणि ठेवत होतो. आमच्याकडे मोजमापं वाचणारी दुसरी बाई आहे, खिशात कायम स्टीलची पट्टी असते म्हणून तिला पट्टीच म्हणतात. ती म्हणाली, "काय, सराव चाललाय? चिनी जेवणाच्या काड्यांचा?" मी हसलो. हसताना नाक पुसलं.

दुपारी सुट्टी टाकून भाचीच्या दुकानात गेलो. ती चष्म्याच्या काचा घासते, यंत्रावर, पाण्याच्या बारीक धारेखाली. हातमोजे पांढऱ्या लगद्याने भरलेले. तिला आईचे खांदे आहेत, मागून बघितलं की मला दर वेळी धक्का बसतो.

"या, पोटाचे डॉक्टर," ती मान न वळवता म्हणाली. "नंबर वाढला का?"

"कसा आहेस तू ते बघायला आलो."

"कसा आहेस नाही, कशी आहेस. घाबरलास की तुझं असंच होतं." तिने यंत्र बंद केलं. "पोट दुखतं. उपाशी असताना जास्त. सकाळी उलटी झाली, तिच्यात रक्त नव्हतं, बघितलं मी नीट. झालं समाधान?"

काउंटरवर काचांच्या खोक्याखाली डॉक्टरांची चिठ्ठी दाबलेली होती. मी ओढून वाचली. तेच दोन. चौदा दिवस.

"आईच्याच गोळ्या," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना म्हटलं, याच माझ्या आईला लागू पडल्या नाहीत. ते म्हणाले, आधी या देतात, मग बघतात. बघतात! काय बघतात? आईला बघितलंच की."

"घेतेस का?"

"नाही." तिने खालून थर्मास काढला, टोपण उघडलं. ओल्या लाकडाचा वास. "हे घेते. आणि आता नीट ऐक. तू म्हणाला होतास, तुमच्या त्या मॅडम साल तपासतात. काय निघालं?"

"अजून तसं काही..."

"नाक पुसलंस. खोटं बोलताना पुसतोस तसं."

ती जवळ आली. तिच्या अंगाला दगडाच्या भुकटीचा वास होता. "मामा, मी तुला तेव्हा काही बोलले नाही. आई गेली त्या दिवशीही नाही बोलले. लोक होते. पण आता माझं पोट आहे. तू साल कामाची नाही म्हणालास तर मी पीत राहणार, कारण तू तेव्हाही तेच म्हणाला होतास आणि मग काय झालं ते आपण दोघांनी बघितलं. तू कामाची आहे म्हणालास तर ही चिठ्ठी फाडणार. कशीही मी तुझ्याच शब्दावर जाणार, हे माझं नशीब बघ. तेव्हा तोंड उघडायच्या आधी खरं काय ते शोधून काढ."

"चार दिवस दे," मी म्हणालो.

"घे. दुखणं कुठे पळून चाललंय?"

परत आलो तेव्हा मॅडम फोटो मोठा करून बघत होत्या. पट्टी बाजूला बसून बाटल्यांवर तारखा टाकत होती. मी म्हणालो, "मॅडम, एकेचाळीसच्या चकत्या ओल्या असतील."

"असतील म्हणजे?"

"फोन आला होता मला. किती वेळ वाळवल्या ते आठवत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मग वाळल्याही असतील. अहो, अठरा वर्षं काम करताय इथे, तुम्हाला चिमट्यात कळत नाही?"

"कळलं असं वाटतंय. पण माझ्या वाटण्याला विचारू नका. त्या ओल्या असाव्यात अशी माझी इच्छा आहे, म्हणून मला त्या ओल्या वाटतायत." हे मोठ्याने म्हटल्यावर ते फारच मूर्खासारखं ऐकू आलं. मग मी उरलेलं सांगून टाकलं. "एकेचाळीस माझी बहीण आहे."

मॅडमच्या चेहऱ्यावर आधी दया आली, मग हिशोब आला, मग राग. राग मला बरा वाटला. "चौदा महिने?" त्या म्हणाल्या. "चौदा महिने तुम्ही सख्ख्या बहिणीचा नमुना स्वतः वाढवताय, स्वतः मोजताय, आणि मला आज सांगताय?"

पट्टी तारखा टाकत होती. "मला वाटलंच होतं," ती वर न बघता म्हणाली. "त्या एका प्लेटचं झाकण तू दोन्ही हातांनी उचलतोस."

ठरलं ते असं: पट्टी सगळं पहिल्यापासून करणार, मी हात लावायचा नाही, त्या टेबलाच्या आसपास फिरकायचंही नाही, शेवटी ती मोजेल तेव्हा फक्त लिहून घ्यायचं. मॅडमनी एकोणीसचा फोटो बाजूला काढून ठेवला. ज्या बाईचं वर्षभराचं काम त्या फोटोत होतं तिने तो ठेवून दिला, हे मी विसरणार नाही. पट्टीने चकत्या मांडताना एक जास्तीची घेतली. "एक चालणारं औषध हवं शेजारी," ती म्हणाली. "नाहीतर प्लेटच आजारी आहे की काय, कळणार कसं? टेट्रासायक्लिन पडलंय कपाटात. जुनं आहे, पण मारतं." मी ते ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. माझं लक्ष सालीत होतं.

हे जंतू सावकाश वाढतात, चार दिवस लागतात. ते चार दिवस मी दुसऱ्या खोलीत बाटल्या धुतल्या, अठरा वर्षांपूर्वी धुवायचो तशा. एकेचाळीसला हात लावायचा नव्हता, पण हाताला तिसऱ्या दिवशीची सवय. ठरल्या वेळी बोटं आपोआप तार धरल्यासारखी वळायची. घरी पोटातली जळजळ उपाशीपोटी वाढायची आणि दोन घास खाल्ले की उतरायची, अगदी ताई सांगायची तशी, आणि मला असं वाटायचं की मी जेवतो ते माझ्यासाठी नाही, आत कुणीतरी आ करून बसलंय. मी ताईशी बोललो नाही, माझं डोकं तेवढं फिरलेलं नाही. पण ती ज्या खुर्चीवर बसायची तिच्यावर मी कपडे टाकत नाही, हे खरं. त्या खुर्चीतून ती मला खिडकीतली माणसं दाखवायची, कोण कुणासारखं चालतं ते सांगायची. एकदा म्हणाली, "काय रे, माझं काय निघालं तुझ्या त्या ऑफिसात? एवढा चिमट्याने तुकडा तोडून नेलाय माझा." मी म्हणालो, "नंबर आला की लावू, ताई." "तिथेही रांग का?" ती हसली. "बरंय, घरचा माणूस आत असून मी आपली रांगेत." मीही हसलो. आम्ही खूप हसायचो. मी त्या चार दिवसांत बेसिनसमोर उभा राहून डागाला म्हणत होतो की बारा असू दे, दहा असू दे, काहीच नसू दे.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टीने बरणी उघडली. तो वास, किंचित आंबूस, उबट, माझ्या ओळखीचा. मी वही घेऊन तीन हात लांब उभा राहिलो. मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून. पट्टीने प्लेट उलटी धरली, एका डोळ्याने बघितली.

"नुसतं अल्कोहोल. शून्य."

लिहिलं.

"साल." कॅलिपरचा कर्र आवाज झाला. "चौदा."

मॅडमनी श्वास सोडला. "चौदा," त्या म्हणाल्या, "चौदा चांगलं आहे. खरं आहे." म्हणजे चकत्या ओल्या होत्याच. माझ्या हाताला बरोबर कळलं होतं. आणि म्हणजे साल मारतेही. माझी दोन्ही बाजूंनी सुटका नव्हती, आणि गंमत अशी की मला काहीच झालं नाही. इतके दिवस ज्या घावासाठी अंग आखडून बसलो होतो तो आला आणि तेवढासा लागला नाही. चौदा. प्लेट म्हणजे पोट नव्हे, पोटात आम्ल असतं, अन्न असतं, कपभर काढा तिथे किती पोचतो कुणास ठाऊक. हे सगळं खरं होतं आणि ते मी मनात म्हणतही होतो.

"क्लॅरिथ्रो, शून्य. मेट्रो, शून्य," पट्टी म्हणाली. "ही एक टेट्रा." ती थांबली. कॅलिपर आणखी उघडला. प्लेटच्या अर्ध्या भागात काही नव्हतंच, लाल मोकळं रान. "तेहतीस."

मी तीन लिहिला. दुसरा तीन लिहिताना पेन चाललं नाही. मी ते वहीच्या कडेला गिरगटून पाहिलं, चाललं, परत आकड्यावर आणलं, परत बंद.

कपाटात पडलेलं होतं ते. तेव्हाही होतं. माझ्या डोक्याच्या उंचीवरच्या फळीत, मी रोज ज्याच्या पुढच्या बाटल्या काढतो त्याच्या मागे. जुनी, साधी गोळी, कुठल्याही दुकानात मिळते. तीन चकत्या, एक प्लेट, चार दिवस. ताईचा नमुना आला तेव्हा अठ्ठाविसाव्या नंबरचं काम चालू होतं. नमुने संशोधनाचे, उपचाराचे नाहीत, क्रमाने लागतात, चाळीसनंतर एकेचाळीस. कुणी मला नाही म्हटलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. एक ओळ मॅडमना सांगितली असती, डॉक्टरांना एक फोन केला असता. विचारलं असतं तर एकेचाळीस कोण ते सांगावं लागलं असतं आणि प्लेट माझ्या हातून गेली असती. मी नियम पाळला आणि बहीण नमुन्यासारखी ठेवली. चौदा महिने मी बेसिनमधल्या डागावर थुंकत होतो. मला तो डाग हवा होता. तो नसता तर मला या कपाटाकडे बघावं लागलं असतं.

"अरे, बस," पट्टी म्हणाली. तिने स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. तिला कळलं होतं. मॅडमनाही कळलं, जरा उशिरा.

दुकानात भाची एका म्हाताऱ्याला चष्मा घालून बघत होती. कानामागची काडी वाकव, परत घाल, परत वाकव. मी तो जाईपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं, क्रमाने. एकोणीस, फोन, ओल्या चकत्या, चौदा. साल खरंच मारते, प्लेटवर. पोटात किती, ते अजून जगात कुणाला सांगता येणार नाही, मला तर नाहीच. तू आईला देत होतीस तो चिखल नव्हता. मी ओतायला नको होतं. आणि नुसत्या त्याच्यावर राहू नकोस. मग तेहतीस सांगितले.

तिने हातमोजे काढले. एक एक बोट ओढून. "म्हणजे ती गोळी आईला लागू पडली असती."

"प्लेटवर पडली."

"किती दिवस लागतात हे बघायला?"

"चार."

"आणि आईचा तुकडा तुमच्याकडे आला तेव्हापासून ती गेली तोपर्यंत?"

"तेवीस."

ती रोज मिलिमीटर मोजते, तिला बोटं लागत नाहीत. "पाच वेळा," ती म्हणाली. "वर तीन दिवस उरतात."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी बराच वेळ मागेच येत राहिली. भाची रडेल असं मला वाटलं, मारेल असंही वाटलं. ती काउंटरखाली वाकली, थर्मास काढला, टोपणात काढा ओतला आणि माझ्यासमोर धरला.

"तुझ्याही पोटात असणार ना? आईने चावून चावून भरवलंय तुला. तिने मला पण सांगितलंय." मी हात पुढे केला तर तिने टोपण मागे घेतलं आणि सरळ माझ्या तोंडाशी आणलं. "आ कर."

मी केला. कोमट, कडू, आणि मग ते तुरटपण, जीभ, हिरड्या, गाल आतून आवळून धरणारं, बोलू न देणारं. तिने टोपण पूर्ण रिकामं होईपर्यंत हलू दिलं नाही. मग ते पुसलं, बंद केलं.

"माझा तुकडा कितव्या नंबरला आहे?"

"एकशे सात."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"सहासष्टवर."

तिने चिठ्ठी काचांखालून काढली, घडी घालून माझ्या खिशात घातली आणि यंत्राकडे वळली. "जा मग," ती म्हणाली.

मी गेलो. मॅडमना नाव सांगितलं, नातं सांगितलं, काय करायचं आहे ते सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला, चार दिवस गोळ्या थांबवायला सांगितल्या, ते काय म्हणाले ते ऐकून घेतलं, आणि वहीत सहासष्टच्या आधी एकशे सात असं स्वतःच्या हाताने लिहिलं. वही त्या जागी विद्रूप दिसते, ओळीच्या वर ओळ घुसवलेली. मांडायचं आणि मोजायचं पट्टीने. मी फक्त चकत्या वाळताना बघायच्या, एवढं मागून घेतलं. पट्टीने पाच चकत्या पेटीत ठेवल्या, समोरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "वीस." मी काचेपुढे उभा राहिलो. अल्कोहोल उडताना दिसत नाही, फक्त कागदाचा करडा रंग कडेकडून पांढरा होत येतो. तोंड अजून आवळलेलं होतं. सातव्या मिनिटाला खिशात फोन वाजला. वाजला, थांबला, परत वाजला. त्याच खिशात तिची चिठ्ठी होती, ती मांडीशी थरथरत राहिली. मी घड्याळावरून नजर काढली नाही.